वेळापत्रक खिशातून मोबाइलवर

रमजानचा चाँद दिसण्याआधीच दुकानदारांची छापील वेळापत्रकं घरोघरी पोहोचतात. एका बाजूला कापडाची किंवा मिठाईची जाहिरात, दुसऱ्या बाजूला तीस दिवसांच्या सहेरी-इफ्तारच्या वेळा. आता हेच काम मशीद कमिट्यांच्या वेबसाइट करू लागल्या आहेत. पण पुष्कळदा होतं असं, की पहिल्या पानावर घुमटाचं मोठं चित्र, सरकणारी हिरवी अक्षरं, पदाधिकाऱ्यांचे फोटो. आणि ज्यासाठी माणूस आला ती आजची वेळ शोधूनही सापडत नाही.

वेळेचा प्रश्न साधा नाही. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सुमारे सहा अंशांचं अंतर आहे. मार्चमध्ये दिवसरात्र समान असतात त्या सुमारास नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ 25 मिनिटं आधी मावळतो, आणि पहाटही तेवढीच आधी होते. मुंबईची वेळ पाहून नागपुरात कुणी सहेरी करत बसला, तर त्याचा रोजाच होणार नाही. म्हणून वेळेशेजारी गावाचं नाव ठळक हवं. हिशेब कुठला धरला तेही एका ओळीत सांगावं. पहाटेसाठी सूर्य क्षितिजाखाली 18 अंश मानणारे आहेत, तसे 15 मानणारेही आहेत. कोकणी मुस्लिम शाफई, तर इतर बरेच हनफी. त्यांच्या असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजच्या वेळा वेगळ्या. दोन्ही दिल्या की कुणाची गैरसोय होत नाही.

हे वेळापत्रक फोटो म्हणून चिकटवणं ही नेहमीची चूक. फोटोतली बारीक अक्षरं म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत, अंधांसाठी वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाहीत आणि शोधात सापडत नाहीत. युनिकोड मराठीत साधा तक्ता टाकावा, आजची ओळ सर्वांत वर. पान हलकं असेल तर कमी रेंजच्या मोबाइलवरही झटकन उघडतं.

खरी परीक्षा एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी. ईद उद्या की परवा, हे चाँद दिसल्यावरच ठरतं. 2024 मध्ये केरळात 10 एप्रिलला ईद झाली, महाराष्ट्रात 11 एप्रिलला. त्यामुळे आधीच एक तारीख ठोकून देऊ नये. ‘चंद्रदर्शनावर अवलंबून’ असं लिहावं आणि निर्णय होताच तो वेळेसह पहिल्या ओळीत टाकावा. त्या तासाभरात सगळं गाव एकदम वेबसाइट उघडतं. तेव्हा जड चित्रं नकोतच. आणि पासवर्ड किमान दोघांकडे हवा. वेबसाइट बनवणारा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि पासवर्डही त्याच्यासोबत गेला, ही गोष्ट बऱ्याच कमिट्यांना ओळखीची वाटेल!

अनेक गावांत आता शेजाऱ्यांना इफ्तारचं आमंत्रण असतं. ‘सर्वांचे स्वागत’ एवढं लिहून भागत नाही. पहिल्यांदा मशिदीत येणाऱ्याच्या मनात शंका असतात आणि त्या विचारायचा त्याला संकोच वाटतो. चप्पल कुठे काढायची? डोकं झाकावं लागेल का? बायकांची बसायची सोय आहे का? गुडघे दुखणाऱ्या आजोबांना खुर्ची मिळेल का? खजूर, फळं, भजी यांच्या ताटाशेजारी मांसाहारी पदार्थ असतील तर शाकाहाऱ्यांचं ताट वेगळं आहे का? वेळही नीट सांगावी. इफ्तार सूर्यास्ताला, म्हणजे कुणासाठी थांबत नाही. पाहुण्यांना वीस मिनिटं आधी बोलवावं. ‘सातच्या सुमारास’ असं वाचून आलेल्याला रिकामी ताटं आणि नमाजला उभी राहिलेली माणसं दिसतात. शेवटी एक फोन नंबर द्यावा, आणि तो उचलणारा माणूसही असावा.

ईदनंतर मात्र पान तसंच सोडून देतात. चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान. पुढच्या साली जुन्या वेळा चुकीच्या ठरतात, पण गुगलवर त्याच वर येतात. त्यामुळे मथळ्यात साल लिहावं, आणि जुन्या पानावर नव्या पानाचा दुवा द्यावा.