प्रवासात सिनेमा आणि बॅटरीचा हिशेब
लॅपटॉपच्या बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. 50 वॅट-तासांची बॅटरी 10 वॅट खर्चात 5 तास पुरते. खर्च 20 वॅटवर गेला, की अडीच तासांतच संपते. सिनेमा पाहताना बरीचशी वीज पडद्याचा उजेड खातो. दुसरा खर्च व्हिडिओ उलगडण्याचा. ग्राफिक्स चिपमध्ये त्यासाठी खास सर्किट असते. ते थोडक्या विजेत काम उरकते. पण फाइलचा प्रकार त्याला झेपणारा नसेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. लॅपटॉप तापून पंखा घरघरू लागला, की हेच कारण असू शकते. वाय-फायलाही वीज लागते, म्हणून निघण्यापूर्वीच सिनेमा डाउनलोड करून ठेवा, गाडीत वाय-फाय बंद करा आणि पडद्याचा उजेड डोळ्यांना पुरेल इतकाच ठेवा. रात्रीच्या डब्यात निम्मा उजेडही भरपूर होतो.