घरचा माणूस कुठे आहे?

कुटुंबाचं चित्र समोर आलं की आपण चेहरे वाचायला लागतो. कोण हसतंय, कोण रुसलंय. एकोणिसाव्या शतकातले चांगले वास्तववादी चित्रकार मात्र घरातली खरी गोष्ट बऱ्याचदा अंगाच्या ठेवणीत आणि माणसामाणसांतल्या रिकाम्या जागेत ठेवतात. घरचा पुरुष चित्रात नेमका कुठे आहे, एवढंच पाहत गेलं तरी पुष्कळ हाती लागतं.

इल्या रेपिनचं ‘अनपेक्षित’ (१८८४–८८) मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. हद्दपारी भोगलेला एक माणूस न कळवता घरी परतलाय. मळका लांब कोट, हातात टोपी. दार धरलेली मोलकरीण त्याला ओळखत नाही, हे तिच्या उभं राहण्यातच दिसतं. काळ्या कपड्यांतली म्हातारी आई खुर्चीतून उठलीय. तिची पाठ आपल्याकडे आहे, तरी चित्रातली सगळी कळ त्या वाकलेल्या पाठीत आहे. बायको पियानोवरून वळून बघते. टेबलाशी बसलेला मुलगा खुललाय; धाकटी मात्र बिचकलीय. बाप गेला तेव्हा ती तान्ही असावी. भिंतीवर शेवचेन्को आणि नेक्रासोव्ह या कवींच्या तसबिरी, शिवाय मृत्युशय्येवरचा झार दुसरा अलेक्झांडर. घराचं राजकारण भिंतीनेच सांगून टाकलंय.

रेपिनला छळलं ते त्या पुरुषाच्या चेहऱ्याने. चित्र विकलं गेल्यावरही त्याने तो पुन्हा रंगवला. वीर दाखवावा की खचलेला? आज दिसतो तो चेहरा आपल्याच घरात शिरायची परवानगी मागणारा आहे.

सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी प्रेक्षकाच्या नजरेचा माग काढायला हेच चित्र घेतलं. माणसांची वयं विचारली की नजर चेहऱ्यांवर खिळे. घरची सांपत्तिक स्थिती विचारली की सामानसुमान आणि कपड्यांवरून फिरे. समीक्षकांची निम्मी भांडणं इथेच उगम पावत असावीत.

फ्रेंच चित्रकार देगाच्या ‘बेलेली कुटुंबा’त पुरुष हजर आहे, पण आपल्याकडे पाठ करून, आरामखुर्चीत. देगाची आत्या लॉरा वडिलांच्या सुतकात काळे कपडे घालून ताठ उभी. नवऱ्याकडे ती बघतही नाही. मधे बसलेल्या मुलीने एक पाय अंगाखाली दुमडून घेतलाय. या घरात तेवढीच एक मोकळी हालचाल!

राजा रविवर्म्याच्या ‘देअर कम्स पापा’मध्ये (१८९३) तर पापा नाहीतच. कडेवर मूल घेतलेली रविवर्म्याची मुलगी महाप्रभा चौकटीबाहेर बघते आहे. छापील लक्ष्मी-सरस्वतीमुळे रविवर्मा आपल्या घराघरांत पोहोचला, पण हे चित्र केरळचं म्हणूनच वाचायला हवं. त्याच्या नात्यागोत्यात वंश आईकडून चाले, मुलं आईच्या घराण्याची, कारभार मामाचा. ही रीत तेव्हा वादात सापडली होती. केरळच्याच मलबार भागात १८९६ साली विवाहाचा कायदाही झाला. अशा काळात बापाच्या वाटेकडे डोळे लावलेली आई रंगवणं म्हणजे बाजू घेणंच. त्यामुळे या चित्रातला गोडवा मला जरा ठरवून आणलेला वाटतो.