मधली दुर्बीण

कामगार संघटनेच्या कामात तीस वर्षे घालवलेल्या माणसाने बोनस आणि ग्रॅच्युइटी सोडून दुर्बिणीवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. भिंगांचे शास्त्र आम्ही शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि स्वतःच्या चुकांतून. त्यांतली एक चूक महाग पडली. आजचा विषय तिच्यातूनच निघाला आहे.

ठाण्यात आमच्या संघटनेचे एक लहान वाचनालय आहे. तिथली वीस-पंचवीस मंडळी महिन्यातून दोन रविवार पाखरे पाहायला बाहेर पडतात. कधी खाडीवर, कधी येऊरच्या जंगलात. हा रविवारही काही आयता मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या साप्ताहिक सुटीची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, तेव्हा १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत ती सुरू झाली. नव्या पोरांना आम्ही हे खाडीवर पोचायच्या आधीच ऐकवून टाकतो. असो.

आमच्याकडे दोन दुर्बिणी होत्या. एक खिशात मावणारी, ८×२१. एका सभासदाच्या मुलाने भेट दिलेली. दुसरी १०×५०, ती सर्वांच्या वर्गणीतून घेतली, आणि निवड आमची. हे आकडे दुर्बिणीच्या अंगावरच छापलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते तो, दुसरा पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आम्ही दुकानात उभे राहून साधा हिशेब केला. दहा आठापेक्षा मोठे, पन्नास तर सर्वांत मोठे, मग घ्यायचे ते मोठेच घ्यावे. वाटाघाटीला बसताना आकड्याच्या पाठीमागे काय आहे ते बघा, असे कामगारांना रोज सांगणारे आम्ही, आणि तिथे नुसत्या आकड्याला भुललो!

आमच्यात एक वडीलधारे सोबती आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तरुणपणी ते गिरणीच्या साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली. आता सत्तरीला आले आहेत, कानांनी कमी ऐकतात, हाताला थोडा कंप आहे आणि डोळ्यांवर जाड चष्मा. खाडीवर फ्लेमिंगोंचे थवे उतरले की मोठी दुर्बीण आम्ही मानाने प्रथम त्यांच्या हाती देत असू. ते ती डोळ्यांना लावीत, ‘वा, छान दिसतात हो’ म्हणत आणि पुढच्याच्या हाती देत. दोन हिवाळे असे गेले. एका रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे ‘छान’ म्हणून दुर्बीण आमच्याकडे दिली, आणि पाहतो तो पुढच्या भिंगांची टोपणे तशीच बसवलेली! रांग खोळंबू नये, आणि आपल्या वर्गणीतून घेतलेल्या वस्तूला नावे ठेवू नयेत, म्हणून हा माणूस दोन वर्षे न दिसलेले पक्षी ‘छान’ म्हणत होता. त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. घरी आलो आणि पुन्हा पुस्तके काढली.

पहिली गोष्ट वजनाची आणि कंपाची. १०×५० दुर्बीण बहुधा पाऊण ते एक किलोच्या घरात जाते. शिवाय दुर्बीण जशी पाखराला दहा पट जवळ आणते, तसा हाताचा कंपही दहा पट वाढवून दाखवते. धडधाकट माणसालाही दहा पटीची दुर्बीण हातात फार वेळ स्थिर धरता येत नाही. अण्णांना तर गुलाबी रंगाचा एक हलता पट्टा दिसत असणार. मग हलकी दोनशे ग्रॅमची ८×२१ त्यांना का देऊ नये? तीही देऊन पाहिली. फार हलकी वस्तूही हातात थरथरते, तिला हाताला टेकू देण्याइतके अंगच नसते. पण तिचा खरा दोष दुसरा आहे, आणि तो समजण्यासाठी एक भागाकार करावा लागतो.

भिंगाच्या व्यासाला पटीने भागा. ८×२१ चे उत्तर येते २·६, १०×५० चे ५. नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही मिलिमीटरमधली जाडी. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली, की नेत्रभिंगात एक लहान पांढरी चकती दिसते, ती हीच. डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसते. अंधारात तरुणाची सातापर्यंत उघडते, पण वय वाढते तशी ती कमी उघडू लागते. आमच्या वयात पाचाच्या पुढे ती सहसा जात नाही, अण्णांच्या वयात त्याहूनही थोडी अलीकडेच थांबते. आता पाहा. भर उन्हात खाडीवर २·६ चा झोत पुरतो, परंतु तो इतका बारीक की डोळा किंचित बाजूला सरकला तरी चित्र काळे होते. ज्याचा हात हलतो त्याला ते सारखे निसटते. आणि येऊरच्या झाडीत सकाळी सहा वाजता, बाहुली चार-पाच मिलिमीटर उघडलेली असताना, तिथे सगळे करडेच दिसते.

म्हणजे दोन्ही दुर्बिणी आपापल्या जागी ठीक, पण मधल्या मोठ्या कामाला दोन्ही निरुपयोगी. आणि आमच्या मंडळींचे बहुतेक काम तर मधलेच: पहाटेची झाडी, चालत्या वाटेवरचा पक्षी, दुर्बीण गळ्यात अडकवून तीन तासांची पायपीट.

तेव्हा तिसरी घ्यायची ठरली. चोवीस जणांनी पाचपाचशे काढले, बारा हजार जमले. पाचशे रुपये कंत्राटी कामगाराच्या घरात कशाकशाला लागतात ते आम्हांला पाठ आहे, म्हणून या वेळी दुकानात जायच्या आधी तीन रविवार ओळखीच्यांच्या दुर्बिणी मागून आणल्या आणि सर्वांच्या हातांत दिल्या.

एक ८×४२ आणली होती. फार सुंदर. ज्याला आयुष्यात एकच दुर्बीण घ्यायची आहे त्याने डोळे मिटून हीच घ्यावी, असे आमचे मत आजही आहे. तिचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा. पण आमच्याकडे पाचाचा झोत देणारी मोठी होतीच, आणि हिचे वजनही पाऊण किलोच्या आसपास. अण्णांनी ती दहा मिनिटे गळ्यात ठेवली आणि न बोलता एका पोराच्या गळ्यात घातली. ८×२५ उलट टोकाची, म्हणजे खिशातलीचीच थोरली बहीण. एका तरुण सभासदाने १०×४२ चा आग्रह धरला. दहा पटीची सवय झाली आहे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या हाताला ती साजते, हे आम्ही मान्य केले आणि पुढे गेलो.

उरल्या ८×३० आणि ८×३२. बत्तिसाला आठाने भागले की बरोबर चार. येऊरच्या पहाटेला तो पुरतो, आणि अण्णांच्या बाहुलीला याहून फारसे अधिक घेताही येत नाही. खिशातल्या दुर्बिणीपेक्षा प्रकाश सव्वादोन पटींहून जास्त, कारण प्रकाश व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वजन अर्धा किलो किंवा थोडे पुढेमागे, हाताला स्थिर ठेवील इतके आणि मानेला काचणार नाही इतके. शिवाय दिसणारा पट रुंद. दुर्बिणीवर किंवा तिच्या कागदावर ‘हजार मीटरवर १३१ मीटर’ असे काही लिहिलेले असते. तेवढ्या रुंदीचा देखावा एका वेळी डोळ्यांत मावतो. दहा पटीच्या दुर्बिणीत तो बहुधा कमी असतो, म्हणून तिच्यात उडता पक्षी सापडेपर्यंत निघून जातो.

आता आतल्या लोलकांविषयी, कारण दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतो. साध्या भिंगांतून चित्र उलटे येते. ते सुलटे करायला काचेचे लोलक लागतात. इग्नात्सिओ पोरो या इटालियन माणसाने त्याची एक युक्ती १८५४ मध्ये काढली. जुन्या दुर्बिणींचे खांदे रुंद दिसतात ते तिच्यामुळे. तिला व्यवहारात उत्तम रूप दिले जर्मनीतील येना येथे झाइसच्या कारखान्याने, १८९४ मध्ये. त्यामागे एर्न्स्ट आबे हा पदार्थवैज्ञानिक होता. आबेचा बाप सूतगिरणीत कामाला होता, दिवसाला चौदा-चौदा तास उभा राहून. मुलाने ते पाहिले होते. कारखाना हाती आल्यावर त्याने १९०० साली कामाचा दिवस आठ तासांवर आणला आणि वर्षभराचा हिशेब मांडून दाखवला की उत्पादन घटले नाही, उलट किंचित वाढले. आमच्या वाटाघाटींत हा दाखला आम्ही अनेकदा दिला आहे. व्यवस्थापन दर वेळी म्हणते, तो काळ निराळा होता.

दुसरी जात सरळ नळ्यांची, छपरी लोलकांची. ती सडपातळ आणि हातात धरायला सोयीची, पण तिचे लोलक फार काटेकोर घडवावे लागतात. त्यांवर एक विशेष लेप नसेल तर चित्र थोडे मऊ पडते. हा लेप झाइसने १९८८ मध्ये आणला, आता मध्यम किमतीच्या दुर्बिणींतही मिळतो. ठरावीक पैशांत पोरो जातीची ८×३० बहुधा अधिक स्वच्छ चित्र देते, आणि आमचा मूळ कल तिच्याकडेच होता. तो बदलला पावसाळ्याने. जुन्या १०×५० ला आम्ही लाडाने चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवीत असू. दोन पावसाळ्यांत आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढली आणि साफसफाईला बरेच पैसे गेले. कोकणपट्टीत राहणाऱ्याने शक्य तर नळीत नायट्रोजन भरून पक्की बंद केलेली दुर्बीण घ्यावी. अशा पोरो जातीतही असतात, पण आमच्या बारा हजारांत मिळाली ती छपरी, ८×३२, लेप असलेली.

दुकानात काय पाहावे, तेही सांगतो. हातभर लांब धरून ती पांढरी चकती पाहा. ती गोल हवी, कडा चौकोनी करड्या दिसल्या तर लोलक हलक्या काचेचे. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. हिरवट-जांभळे दिसावे, पांढरे लख्ख दिसले तर काचेला लेप नाही. लालभडक भिंगांची आणि दहापासून तीसपर्यंत पट बदलणारी दुर्बीण फुकट मिळाली तरी विचार करावा. दुकानाबाहेर येऊन समोरच्या गच्चीवरची तार दोन्ही डोळ्यांनी पाच मिनिटे पाहा. एकीच्या दोन तारा होत असतील किंवा कपाळात ओढ जाणवत असेल तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. आधी डावा डोळा मधल्या चाकाने जुळवावा, मग उजवा त्याच्याच नेत्रभिंगावरच्या कड्याने. पुष्कळ लोक हे कडे आयुष्यभर हलवीत नाहीत आणि दुर्बिणीला दोष देतात.

आणि चष्मा असेल तर चष्मा लावूनच पाहा. नेत्रभिंगापासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसते, ते अंतर चष्मेवाल्याला निदान पंधरा मिलिमीटर तरी लागते. आमच्या १०×५० मध्ये ते दहाच होते. म्हणजे अण्णांच्या हाताचा कंप नसता तरी त्यांना कुलपाच्या भोकातून पाहिल्यासारखेच दिसले असते. चष्मा काढून पाहा म्हणणे सोपे आहे. त्यांच्या नंबरात सिलिंडर आहे, तो दुर्बिणीच्या चाकाने भरून निघत नाही. नव्या दुर्बिणीत हे अंतर सोळा आहे. रबरी वाट्या आत फिरवल्या की चष्मा नीट टेकतो.

मोठी दुर्बीण आम्ही विकली नाही. छायाचित्रकाराच्या जुन्या तिकाटण्यावर बसवली की तिचा कंप जातो, आणि गच्चीवरून गुरूचे चार चंद्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ तिच्यात फार छान दिसतात. खिशातली अजून प्रवासाला जाते. तिन्ही आता पत्र्याच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह राहतात. पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर सुकवायच्या, हे काम पाळीने येते.

नवी दुर्बीण घेऊन आम्ही प्रथम गेलो ते फेब्रुवारीत, ओहोटीच्या वेळी, खाडीवर. अण्णांच्या पाठीशी भिंत होती आणि कोपर कठड्यावर टेकलेले. टोपणे आम्ही स्वतः काढली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, रांगेतला एक पोरगा चुळबुळ करू लागला. मग म्हणाले, ‘चोच काळपट आहे हो यांची. आणि डोके उलटे करून पाण्यात घालतात.’ ते धाकटे फ्लेमिंगो होते. थोरल्यांची चोच गुलाबी आणि टोकालाच काळी असते. हे आम्ही त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगितले. त्यांनी मान हलवली, पण डोळे काढले नाहीत. ‘मान बघा कशी चालते,’ ते म्हणाले, ‘इकडून तिकडे, तिकडून इकडे. साच्यातल्या धोट्यासारखी.’ रांगेतल्या पोराला धोटा म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. त्याला तो समजावून सांगण्यात त्या दिवशीची ओहोटी संपली.