‘अँटिक’ रिव्हॉल्व्हर ऑनलाइन मागवताय? बार उडतो का, ते आधी बघा

जुन्या वेस्टर्न सिनेमात काउबॉयच्या कमरेला दिसणारं लांब नळीचं रिव्हॉल्व्हर हल्ली रील्समध्येही दिसतं. खाली लिहिलेलं असतं, ‘अँटिक रेप्लिका, लायसन्सची गरज नाही’. वाड्याच्या भिंतीवर शोभून दिसेल म्हणून एखाद्याचं बोट ‘बाय’वर जातंच. पण ही ‘गरज नाही’ अमेरिकेतली आहे, आपल्याकडची नाही.

यातला चांगला, महागडा माल बहुतेक इटलीतून येतो. ब्रेशा जिल्ह्यातलं गार्दोने हे बंदूक कारागिरांचं जुनं गाव. याच जिल्ह्यातल्या उबेर्ती, पिएट्टा या कंपन्या कोल्टच्या १८५१ आणि १८७३ सालच्या रिव्हॉल्व्हरच्या हुबेहूब प्रती बनवतात. १८५१ च्या ‘नेव्ही’ मॉडेलला अष्टकोनी नळी असते आणि सिलिंडरवर समुद्री लढाईचं कोरीवकाम. बघत राहावं असंच काम आहे, यात वाद नाही.

पण ही शोभेची वस्तू नव्हे. ‘नेव्ही’चा प्रकार आपल्या कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीसारखाच. सिलिंडरच्या प्रत्येक घरात दारू भरायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची, मागे केप लावायची. घोडा पडला की बार उडतो, माणूस मरू शकतो. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंतची हत्यारं आणि तयार काडतूस न वापरणाऱ्या त्यांच्या प्रती ‘अँटिक’ धरल्या आहेत. म्हणून तिथल्या बऱ्याच राज्यांत ‘नेव्ही’ पोस्टाने घरी येते. १८७३ च्या मॉडेलला काडतूस लागतं, त्यामुळे त्याच्या प्रतीला तिथेही ही सूट नाही.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकण्यासाठी बनवलेली वस्तू म्हणजे बंदूक, मग ती नवी असो की जुन्याची नक्कल. परदेशातून आणायलाही परवाना लागतो. विनापरवाना बाळगली तर दोन ते पाच वर्षं कैद आणि वर दंड. सूट आहे ती जुनाट किंवा मोडक्या हत्याराला, तीही दुरुस्त करूनसुद्धा बार उडणार नसेल तरच. आजोबांच्या माळ्यावरची गंजकी बंदूक नुसती जुनी आहे म्हणून सुटत नाही.

मग ओळखायचं कसं? फोटो मोठा करून बघा. नळी आरपार पोकळ आहे, सिलिंडरच्या मागे केप बसवायची छोटी बोंडं आहेत, लोखंडावर ‘पीएन’ हा इटालियन शिक्का आहे, म्हणजे ती दारूचा बार सोसते का हे तपासून पाठवलेली खरी बंदूक. निव्वळ शोभेची प्रत बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि तिची नळी आतून बंद असते.

ती बंद नळी गावातल्या लेथवर ‘जरा मोकळी’ करून घेण्याचा उद्योग तर अजिबात नको. नकली बंदुकीची खरी बनवली तर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. जस्ताची नळी हातात फुटेल ते वेगळंच.

शंका असेल तर पैसे भरण्याआधी वस्तूचा फोटो आणि माहिती घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा. आयुक्तालय असलेल्या शहरात हेच काम पोलीस आयुक्तांकडे असतं.