नर किनाऱ्यावर येत नाही

यंदा घरटी किती? कोकणातल्या वेळास, आंजर्ले, गुहागरच्या समुद्री कासवांची बातमी दरवर्षी या एका आकड्यावर येऊन थांबते. आकडा वाढला की सगळे खूश. त्यात गैर काही नाही. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम हाती घेतलं, तेव्हा अंडी सर्रास चोरीला जात होती. पण हा आकडा फक्त माद्यांची हजेरी सांगतो. नर पिल्लू एकदा लाटेत शिरलं की त्याला पुन्हा किनाऱ्यावर यायचं कारणच उरत नाही. नर किती शिल्लक आहेत, हे घरटी मोजून कळणार कसं?

गंमत अशी, की पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं मात्र याच वाळूत. समुद्री कासवांना आपल्यासारखी लिंग ठरवणारी गुणसूत्रं नसतात. उबवणीला साधारण पन्नास-पंचावन्न दिवस लागतात. त्यातल्या मधल्या टप्प्यात वाळू किती तापली यावर सगळं अवलंबून. प्रजातीप्रमाणे, किनाऱ्याप्रमाणे थोडा फरक पडतो, पण २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर-माद्या निम्मेनिम्मे निघतात. त्याहून गार वाळूत नर जास्त, तापलेल्या वाळूत माद्या. पारा ३४-३५ अंशांपलीकडे रेंगाळला तर अंड्यातच जीव जातो.

या किनाऱ्यांवर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, दीडेक फूट खोल, तळाशी फुगीर असा मडक्यासारखा खड्डा उकरते, शंभरेक अंडी घालते आणि वाळू थापून निघून जाते. पहाटे घरटी राखणारे कासवमित्र तिच्या पायांचा माग काढत पोहोचतात. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी पोहोचावं लागतं. अंडी उचलताना उलटीपालटी करायची नाहीत. काही तासांतच गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो; त्यानंतर अंडं फिरलं तर तो दगावतो. मग अंडी सुरक्षित उबवण्यासाठी केलेल्या कुंपणातल्या हॅचरीत तसाच खड्डा, तेवढाच खोल. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालतात.

म्हणजे घरट्याची जागा आता मादी नव्हे, माणूस निवडतो. हॅचरी भर उन्हात की सुरूच्या सावलीत, यावर पिल्लांचं लिंग ठरू शकतं. शिवाय शंभर गर्भ वाढताना स्वतःची ऊब सोडतात, त्यामुळे शेवटच्या दिवसांत घरटं भोवतालच्या वाळूहून गरम होतं. डिसेंबर-जानेवारीतल्या अंड्यांना थंडीचा आधार असतो. मार्चमधली अंडी थेट एप्रिलच्या काहिलीत सापडतात. हंगाम पुढे सरकला, तर नरांचा वाटा कमी होणार हे उघड आहे.

माद्या थोड्या जास्त झाल्या म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो. उलट माद्या वाढल्या की काही वर्षं घरटीही वाढतात! मला धास्ती वाटते ती याचीच. ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. आज नर कमी जन्मले तर घरट्यांच्या आकड्यात ते कळेपर्यंत उशीर झालेला असेल.

ऑस्ट्रेलियात नरांची ही घट आधीच दिसली. ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या अल्पवयीन कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या होत्या. दक्षिणेकडच्या गार किनाऱ्यांवर हे प्रमाण ६५ ते ६९ टक्के होतं.

सगळ्या सरपटणाऱ्यांचं गणित असं नाही. सापांचं लिंग गुणसूत्रंच ठरवतात. आपल्या नद्यांतल्या मगरीत ३२-३३ अंशांच्या आसपास नर निघतात. त्याहून गार किंवा गरम घरट्यात माद्याच. न्यूझीलंडच्या तुआताराचं तर उलटंच, उष्णतेत नर वाढतात.

नुकतं बाहेर पडलेलं कासवाचं पिल्लू नर आहे की मादी, हे वरून पाहून सांगता येत नाही. म्हणून तापमानाची नोंद हाच व्यवहार्य मार्ग. प्रत्येक हॅचरीत अंड्यांच्या खोलीवर तापमान नोंदवणारं यंत्र हवं, आणि उन्हाळ्यात जाळीची सावली द्यायची ती त्या नोंदी पाहूनच, अंदाजाने नव्हे. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला कासव महोत्सवाला जाल तेव्हा घरटी किती एवढ्यावर थांबू नका. वाळू किती तापली होती, तेही विचारा.