इंदूरचा ढीग आणि ध्रुवाचे पाणी

इंदूर म्हटले की आपल्याकडील वाचकाला होळकरांची गादी आठवते. शेतीच्या इतिहासात मात्र हे शहर एका खताच्या ढिगामुळे अजरामर झाले आहे. १९२४ साली तेथे स्थापन झालेल्या कृषिसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून तीन महिन्यांत खत करण्याची जी रीत बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. त्या ढिगात खरे काम कोण करीत होते? ऊब, ओल, हवा आणि असंख्य सूक्ष्मजंतू!

पुढे त्याच माळव्यात सोयाबीन आले आणि मागोमाग एंडोसल्फानचे फवारेही आले. आपल्या भातखाचरांनाही बीएचसीची उग्र वासाची पूड परकी नव्हती. उष्ण हवेत ही विषे लवकर नाहीशी होतात, म्हणून आपण निर्धास्त राहिलो. पण नाहीशी होतात म्हणजे काय? काही अंश मातीतील जंतू फोडतात. बराचसा उन्हाने वाफ होऊन वाऱ्यावर स्वार होतो, थंडाव्यात खाली उतरतो, पुन्हा उडतो आणि मजल-दरमजल करीत ध्रुवाकडे सरकतो.

तेथे इंदूरच्या ढिगातले काहीच नाही. बीएचसीतील जालीम घटक लिंडेन. समुद्राच्या वीस अंशांच्या पाण्यात केवळ रासायनिक क्रियेने तो निम्मा होण्यास सुमारे एक वर्ष लागते. पाच अंशांवर तीच मुदत चाळीस वर्षांच्या घरात जाते. ध्रुवीय समुद्र तर शून्याखालीही असतो. जंतू तेथेही आहेत, नाही असे नाही. पण त्यांचे काम मंद, आणि हिवाळ्यातील दीर्घ रात्रीत सूर्यप्रकाशाचीही मदत नाही. मग विष प्राण्यांच्या चरबीत साठत जाते. जेथे कधी शेत नांगरले गेले नाही, त्या अंटार्क्टिकातील पेंग्विनांच्या शरीरात १९६०च्या दशकातच डीडीटी सापडले होते.

भारताने बीएचसीवर १९९७ साली बंदी घातली. एंडोसल्फान मात्र कासारगोडची दुःखे जगजाहीर होऊनही, २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश देईपर्यंत चालूच राहिले. स्टॉकहोम करारानुसार पाण्यातील अर्धायुष्य दोन महिन्यांहून अधिक असलेले रसायन चिवट समजले जाते. आमचा प्रश्न एवढाच, की ते पाणी कोणते? माळव्यातील तळ्याचे, की दक्षिण महासागराचे?

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी आपल्याच मुरगाव बंदरातून निघाली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आज वास्कोत आहे आणि सोयाबीनची इंदुरात. दोन्ही सरकारच्याच. नव्या कीटकनाशकाला परवाना देण्यापूर्वी त्याची परीक्षा थंड, खाऱ्या पाण्यातही व्हावी आणि त्या परीक्षेचे निकष या दोन संस्थांनी एकत्र बसून ठरवावेत, अशी आमची मागणी आहे.