चौकशी कोणी करायची?

मुलाला मैदानावर पाठवताना आपण त्याला एका संस्थेच्या हवाली करतो. तिथे त्याला वंशावरून कोणी हिणवले, तर दाद कुठे मागायची? इंग्लंडमधील यॉर्कशायर क्रिकेट क्लबचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

पाकिस्तानात जन्मलेला अझीम रफिक इंग्लंडच्या १९ वर्षांखालील संघाचा कर्णधार होता. यॉर्कशायरमध्ये वंशद्वेष सोसावा लागल्याचे त्याने २०२० मध्ये जाहीर केले. चौकशी क्लबनेच नेमली. ४३ पैकी ७ आरोप मान्य झाले. तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये क्लबने सांगितले की, कोणावरही कारवाई होणार नाही. वंशवाचक शिवीसुद्धा मैत्रीतली थट्टा मानली गेली. पुढच्याच महिन्यात रफिकने संसदीय समितीपुढे साक्ष दिली. पंधराव्या वर्षी एका स्थानिक क्लबात आपल्याला धरून तोंडात दारू ओतली गेली, हेही त्याने तिथे सांगितले.

मग चक्रे फिरली. प्रायोजक तर साक्षीआधीच निघून जाऊ लागले होते. २०२३ मध्ये शिस्तपालन आयोगाने यॉर्कशायरला चार लाख पौंड दंड केला. खेळाचा प्रसार आणि शिस्तीची देखरेख एकाच मंडळाकडे नसावी, अशी शिफारस त्याच वर्षी एका स्वतंत्र आयोगाने केली.

आपल्या मुलांना भाषेवरून, जातीवरून, आडनावावरून टोमणे बसतात, तेव्हाही प्रश्न हाच असतो. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच विचारा: तक्रार कोणाकडे द्यायची, तिची लेखी पोच मिळते का आणि चौकशी करणारा क्लबबाहेरचा असतो का?